आधी गढी, मग कापणी

कोळथाणच्या मागच्या डोंगरावर एक वाट चढते. पायांनी घासून गुळगुळीत झालेली, कडेला दगड नीट बसवलेले. इतकी राबती वाट पाहून पाहुण्यांना वाटते, वर देऊळ असणार. वर देऊळ नाही. पाण्याचे टाके नाही, गुरांना चारा नाही, पलीकडच्या गावात उतरणारी खिंडही नाही. ही वाट एका पडक्या गढीच्या दाराशी जाते आणि तिथेच संपते. दाराच्या फळ्या कधीच्या गेल्या. कमान तेवढी उभी आहे, आणि कमानीच्या आतल्या अंगाला जोत्यात एक लांबट खाच आहे, जाड तुळई बसेल एवढी.

भात पिकले की कापणीच्या आधी सारे गाव आपापले विळे घेऊन ही वाट चढते. जाताना कोणी गवताची काडीसुद्धा कापत नाही. गाव वर जाऊन येते, आणि मगच पहिल्या खाचरात विळा लागतो. परतीचा पाऊस डोक्यावर असो, भात आडवे होत असो, दाणा झडत असो, आधी गढी, मग कापणी. शेजारच्या गावांतले लोक आम्हाला हसतात. त्यांच्या खळ्यावर भाताच्या उडव्या लागलेल्या असतात आणि आम्ही भरल्या शेताकडे पाठ करून ओसाड डोंगर चढत असतो.

असे का, ते पाहुण्यांना सहदेवनाना सांगतात. नानांचे सांगणे संथ आहे, आवाज गोड आहे, आणि गोष्ट संपली की ते सगळ्यांना हात जोडायला लावतात. लहानपणी मीही जोडले. बाहेर शिकून परत आले, पुन्हा ती गोष्ट ऐकली, आणि हात उठेनात. मी इथे गोष्ट नानांचीच सांगते आहे. ती ऐकताना जिथे राग आला, तिथे तो गिळलेला नाही, एवढाच फरक.

असे सांगतात की त्या काळी गढीवर हैबतराव गढीकराचा अंमल होता. खालच्या खाचरांतला एकही दाणा त्याने पेरला नव्हता, आणि एकही दाणा त्याला विचारल्याशिवाय घरात जात नव्हता. पण लोकांना गढीच्या वाट्यापेक्षा जास्त जाचत होती ती वेठ. वेठ म्हणजे फुकटचे राबणे. भात पिकले की आधी गढीचे भात कापायचे, मग गढीच्या घोड्यांचे गवत कापायचे, ते डोंगरावर चढवून रचायचे, आणि मग आपल्या शेताकडे वळायचे. तोवर आपले भात उभ्या उभ्या झडून गेलेले. खाचरात दाणे वेचायला चिमण्या आणि पोरे बरोबरीने उतरत, असे नाना सांगतात. पाहुणे या वाक्याला हसतात. मला त्यात हसण्यासारखे काही दिसलेले नाही.

गावात लोहाराचे एकच घर होते. रायाजी आणि त्याची बायको भिवरा. विळा, कोयता, खुरपे, नांगराचा फाळ, सगळे त्यांच्या भट्टीतून येई. काम दोघांचे असे. रायाजी सांडशीत लालबुंद लोखंड धरी, दुसऱ्या हातातल्या छोट्या हातोडीने जिथे घाव हवा तिथे टिचकी मारी, आणि भिवरा नेमका तिथेच घण घाली. टिचकी, घण, टिचकी, घण. टिचकीचा आवाज बारीक आणि घणाचा जड. लांबून ऐकणाऱ्याला वाटे, दोघे एकमेकांशी बोलताहेत. मग रायाजी छिन्नीने पात्याला दाते पाडी, प्रत्येक दाता मुठीकडे झुकलेला, म्हणजे ओढताना भाताची मूठ धरून ठेवणारा. शेवटी पुन्हा तापवून फक्त धार पाण्यात बुडवायची, आणि बाहेर काढून पात्यावर रंग चढताना बघत राहायचे. गव्हाळ रंग आला की थांबवायचा. तो हुकून जांभळा झाला की विळा मऊ पडला. हे बघणे भिवराचे. तिची नजर पक्की होती. तरी गावात सगळे म्हणत, "रायाजीचा विळा." भिवराचा विळा असे कोणी कधी म्हटले नाही.

एका वर्षी भात मनासारखे आले, आणि गावाने कधी नव्हे ते ठरवले की या वर्षी आपले आधी कापायचे. कारभारी वेठीचा सांगावा घेऊन आला तेव्हा कोणी उठले नाही. कारभाऱ्याला वाटले, यांना लोहाराची फूस आहे. तो भट्टीवर जाऊन रायाजीला म्हणाला, "विळे तुझे. तू सांगितलंस तर ऐकतील."

रायाजी म्हणाला, "विळा माझा असंल, हात त्यांचा हाय. हाताला मी काय सांगू?"

हे उत्तर गढीवर पोहोचले, आणि हैबतरावाच्या ध्यानात आले की हात धरता येत नसतील तर विळे धरावेत. त्याने खंडेनवमीची वाट पाहिली.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी हत्यारे धुऊन, तेल-शेंदूर लावून वाघजाईच्या देवळात मांडतात. विळे, कोयते, कुऱ्हाडी, लोहाराची ऐरण आणि घण, सगळे ओळीने. पूजा झाली की दसऱ्याला उचलेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. त्या दिवशी हत्यार उचलणे म्हणजे देवीच्या तोंडचा घास काढणे. हे गढीवर ठाऊक होते. आरती चालू असतानाच गढीचे शिपाई तट्टे घेऊन आले, देवळात शिरले आणि विळे-कोयते गोण्यांत भरू लागले.

सारे गाव देवळात होते. शिपाई मूठभर होते. आणि गाव बघत राहिले, कारण हत्यारे समोर होती आणि हत्यारांना हात लावायचा नव्हता.

एकट्या रायाजीने आपला घण उचलला आणि तो देवळाच्या दारात आडवा झाला. तेव्हा गाव ओरडले. शिपायांवर नाही, रायाजीवर.

"रायाजी, घण खाली ठेव!" पुढे बसलेला गणोजी म्हणाला. गणोजी म्हणजे गावात सगळ्यांच्या वतीने बोलणारा माणूस. "आज नवमी हाय! साऱ्या गावाला पाप लावतोस का?"

"त्यांची नवमी न्हाई का?" रायाजीने विचारले.

चार माणसांनी पुढे होऊन त्याच्या हातातला घण काढून घेतला आणि देवीपुढे परत ठेवला. ती चार माणसे शिपाई नव्हती. गावातली होती. मग शिपायांचे काम सोपे झाले. विळे गेले, कोयते गेले, आणि त्यांच्याबरोबर दोरी लावून रायाजी गेला. घण आणि ऐरण तेवढी राहिली, तीही जड म्हणून.

या ठिकाणी नाना थांबतात आणि म्हणतात, "लोक भाविक होते हो पूर्वीचे." मला विचाराल तर देवीने त्या दिवशी काय मागितले असते, हे कळायला भक्ती लागत नव्हती. डोळे लागत होते.

रायाजीला गढीच्या दारात खोड्यात घातले. खोडा म्हणजे दोन तुळयांचा सापळा. मधल्या भोकांत पाय अडकवायचे आणि वरची तुळई खिळवून टाकायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा तो दारातच बसवला होता. आणि खाली निरोप आला: वेठीला या, विळे न्या, लोहार न्या.

दसरा गेला. भात सोन्यासारखे झाले, मग त्याहून जास्त पिकले, लोंब्या वाकून खाली टेकू लागल्या. लोकांनी हाताने ओरबाडून पाहिले, तर दाणे बोटांतून गळत आणि हात चिरत. मग सारे जण भिवराच्या दारात आले.

"भिवरे, विळे पाहिजेत," गणोजी म्हणाला.

"माझा माणूस त्याच्या खोड्यात हाय," भिवरा म्हणाली. "हितं ऐरण वाजली की वर ऐकू जाईल. मग त्याचं काय?"

"आमी हाय की सगळे."

"नवमीला बी हुता."

गणोजीने मान खाली घातली. पण भात झडत होते, त्यामुळे मान फार वेळ खाली राहिली नाही. शेवटी भिवरा त्यांना देवळात घेऊन गेली. तिने वाघजाईपुढचा भंडारा प्रत्येकाच्या हातात दिला आणि वदवून घेतले: विळा हातात आला की आधी गढी. सगळ्यांनी मिळून जायचे, रायाजीला सोडवून आणायचे, मग कापणी. प्रत्येकाने भंडारा कपाळाला लावून शपथ घेतली. गणोजीने तर दोनदा लावला, म्हणे.

लोखंड घराघरांतून आले. कोणी गाडीच्या चाकाची धाव काढून दिली, कोणी फाळ, कोणी दाराची कडी. गावाच्या टोकाला सगुणा नावाची एक म्हातारी राहायची, एकटी आणि विधवा. तिच्याकडे लोखंडाचा एक तवाच होता. तो घेऊन ती आली.

"आता भाकरी कशावर भाजशील, म्हातारे?" भिवराने विचारले.

"दगडावर. दात तसंबी न्हाईत, कच्ची काय अन् करपली काय. तू घे."

भट्टी पेटली. खैराचा कोळसा फुलला. भिवराने सांडशी हातात घेतली आणि अंगणात बसलेल्या बाप्यांकडे पाहिले.

"लोखंड मी धरते. टिचकी मी मारते. घण कोण घालतो?"

कोणी उठेना. एकाने खाकरून घेतले, दुसऱ्याने तंबाखू मळायला काढली.

"घण तर तुझाच की गं," कोणीतरी म्हणाले.

"माझं हात किती? दोनच. सांडशी, हातोडी अन् घण, कामं तीन हायती. एक जण उठा."

तेव्हा गणोजी म्हणाला, "आगं, पर घण लोहाराघरी बाया घालत्यात. बाईनं टिचकी मारून दावायचं अन् बाप्यानं तिथं घाव घालायचा? सोयऱ्याधायऱ्यांत तोंड कसं दावायचं?"

"अन् गणोजीच्या बायकोनं बघितलं," मागून एक जण बोलला, "तर घरातबी टिचक्या मारून काम घेईल त्याच्याकडून!"

सगळे हसले. त्या हसण्यात ठरूनच गेले की कोणी उठणार नाही. भात ज्यांचे होते, विळे ज्यांना हवे होते, ज्यांच्यासाठी एका बाईने नवऱ्याचा जीव पणाला लावला होता, ते अंगणात चिंचेच्या सावलीत बसले आणि लोखंड कुठे जास्त तापले आहे ते तिला सांगू लागले.

सगुणा पुढे झाली. "मी घालते," ती म्हणाली. "आर्धा घाव बसंल, पर बसंल."

आता नाना इथे काय सांगतात, ते ऐका. नाना सांगतात की भिवराची निष्ठा पाहून वाघजाई प्रसन्न झाली, तिने म्हातारीचे रूप घेतले आणि ती स्वतः भट्टीवर येऊन घण घालू लागली. देवीच्या घणाने ठिणग्या उडाल्या त्या डोंगरापर्यंत गेल्या. एकामागून एक विळे उतरू लागले. काम पुरे झाले आणि म्हातारी अदृश्य झाली. अंगणात बसलेल्यांनी हात जोडले. इथे पाहुणे "वा" म्हणतात.

मी एकदा विचारले, "नाना, सगुणाचं पुढं काय झालं?"

"कोण सगुणा?"

"जिनं तवा दिला ती."

"हां, ती व्हय," नाना म्हणाले. "तिचं पुढं गोष्टीत काय येत न्हाई."

येणार कसे? धडधाकट बाप्ये बसून राहिले आणि दात पडलेल्या म्हातारीने त्यांचे विळे घडवले, असे सांगितले तर पिढ्यान् पिढ्या खाली बघावे लागले असते. देवीने घडवले म्हटले की हात जोडून मोकळे होता येते. देवी आली म्हटले की आपण का उठलो नाही, हे कोणी विचारत नाही. आम्ही त्या म्हातारीचा तवा घेतला, तिची हाडे घेतली, आणि शेवटी तिचे नावही घेतले. बदल्यात तिला देवपण दिले, जे द्यायला आमचे काही खर्च होत नाही.

छिन्नी भिवराने आयुष्यात कधी चालवली नव्हती. ते रायाजीचे काम. पण नवऱ्याच्या शेजारी बसून तिने इतके दाते पडताना पाहिले होते की तिचे दाते त्याच्यासारखेच मुठीकडे झुकले. विळे झाले. गव्हाळ रंगावर थांबवलेले, कोवळ्या बांबूवरही घसरू नयेत असे. ती उठली, पाठ सरळ करायला तिला भिंत धरावी लागली, आणि ती म्हणाली, "घ्या. आन् चला."

सकाळ होती. पश्चिमेकडून ढग चढत होते.

ते ढग सगळ्यांनी पाहिले. डोंगराच्या पायथ्याशी वाट फुटते तिथे गणोजीचे खाचर होते. तो त्याच्या बांधावर थबकला.

"भिवरे, तू हो म्होरं. एवढं येक खाचर आडवं करतो अन् आलोच. पाऊस आला तर सारंच जाईल बघ."

"भंडारा लावलायस कपाळाला."

"मी कुठं न्हाई म्हनतोय? येतोच की! येक खाचर!"

त्याने विळा लावला. त्याला पाहून शेजारच्याने लावला. मग पुढच्याने. प्रत्येकाचे एकच खाचर होते. प्रत्येक जण येणारच होता. थोड्या वेळाने वाटेवर भिवरा आणि सगुणा दोघीच राहिल्या, आणि खाली साऱ्या शिवारात विळ्यांचा आवाज सुरू झाला, ओल्या भातातून दाते ओढल्याचा खर्र खर्र आवाज.

या गोष्टीत मला सर्वांत जास्त राग येतो तो हैबतरावाचा नाही. त्याच्याकडून कोणाची काही अपेक्षा नव्हती. राग येतो तो त्या एका खाचराचा. इतके लहान, इतके समजूतदार, इतके आपले ते एक खाचर! त्यात कोणी दुष्ट नव्हते. पाऊस खरोखरच येत होता.

असे सांगतात की गढीच्या दारातून खालचे शिवार हाताच्या तळव्यासारखे दिसते आणि तिथला आवाज वर सरळ चढतो. खोड्यात पडलेल्या रायाजीला आधी ऐरणीचा आवाज ऐकू आला होता. घणाचे घाव अर्धे पडत होते, ते त्याने ओळखले होते. आता विळ्यांचा आवाज आला. पुढे त्याच्यावरच्या पहारेकऱ्याने गावात येऊन सांगितले, की तो आवाज ऐकून लोहाराचा चेहरा उजळला. म्हणाला, "भिवराचं विळं हायती. आता येतील." मग वाटेवर दगड घरंगळला की तो विचारी, "आले का?" पाखरू उडाले तरी विचारी, "आले का?"

हैबतरावानेही तो आवाज ऐकला. गावाचे भात कापले जात होते. ज्या आशेवर लोहाराला धरून ठेवायचे ती आशाच संपली होती. त्याने लोहाराला सोडले नाही. त्याचे पाणी बंद केले आणि बाकीचा राग त्याच्या अंगावर काढला. भिवरा दारात पोहोचली तेव्हा तिला पहारेकऱ्यांनी भाल्यांनी अडवले. दोन बाया होत्या त्या. दोन बायांना अडवायला फार काही लागत नाही. तिने कमानीच्या बाहेर बसून आतल्या माणसाला हाक मारली. तोही बोलला. तो काय बोलला, ते गोष्टीत आहे. "बाकीचे मागून येतायत न्हवं?" असे त्याने विचारले, आणि ती म्हणाली, "येतायत."

पाऊस पडला नाही. ढग आले तसे पलीकडे गेले. भात कापून, झोडून, कणगीत भरून गाव गढीवर निघाले तेव्हा रायाजी संपला होता, आणि हैबतरावाने त्याला दाराबाहेर काढून टाकले होते.

खांदा द्यायला आता सगळे पुढे आले. गणोजी सर्वांत पुढे होता. भिवराने त्यांना हात लावू दिला नाही.

"तुमच्या खांद्यावरनं त्यो खाली यायचा न्हाई," ती म्हणाली. "जितं आनायचं हुतं."

तिने आपल्याच हातांनी वाळली खैराची लाकडे जमवली आणि गढीच्या दारातच, हैबतरावाच्या डोळ्यांदेखत, त्याला अग्नी दिला. राखसुद्धा खाली आणली नाही. रायाजी वरच राहिला.

पुढच्या वर्षी भात पुन्हा चांगले आले. लोकांनी विळे काढले, आणि असे सांगतात की एकाही विळ्याला भात लागेना. दाते शाबूत होते, पाते चकचकीत होते, पण भाताच्या धाटांवरून विळा नुसता घसरे, जसा पाण्यावरून हात. दगडावर घासून पाहिले. परगावच्या लोहाराकडे नेले, त्याने पाते उलटसुलट केले आणि सांगितले, "ह्याला काय झालेलं न्हाई." तोच विळा त्याच्या गावच्या भातात चालला. कोळथाणच्या शिवेत आला की घसरला.

शेवटी गाव भिवराच्या दारी आले. तिची भट्टी वर्षभर थंड होती.

"ह्ये विळं शपथेवर घडल्यात," ती म्हणाली. "शपथ उतरल्याशिवाय कापायचं न्हाईत. आधी गढी. सगळ्यांनी. घरात येकबी विळा ठेवायचा न्हाई."

"पर आता तिथं हाय कोन?" लोकांनी विचारले.

"ज्याला आनायला जायचं हुतं, त्यो हाय."

तेव्हा पहिल्यांदा गाव खरोखर निघाले. बाया, बाप्ये, म्हातारे, प्रत्येकाच्या हातात विळा. कोणी ओरडत नव्हते. भरले भात मागे टाकून ती रांग डोंगर चढू लागली, आणि गढीच्या बुरुजावरून हैबतरावाने ती पाहिली. दुपारच्या उन्हात इतकी पाती हलताना त्याने जन्मात पाहिली नव्हती. म्हणे, त्याने घोडा मागवला, मागचे दार उघडायला लावले आणि आता बुजून गेलेल्या मागच्या वाटेने तो घाटाकडे उतरून गेला. पहारेकरी त्याच्याही आधी पळाले. पुन्हा तो या बाजूला फिरकला नाही. एक घाव पडला नाही, एक दगड उडाला नाही. गाव नुसते चालत वर आले, एवढ्यानेच गढी रिकामी झाली.

नाना हे फार अभिमानाने सांगतात. पाहुणे टाळ्या वाजवतात. मला वाटते, टाळ्या थांबवून एकदा तरी कोणीतरी हे मोठ्याने म्हणावे: म्हणजे करायचे इतकेच होते. चालत वर यायचे होते. आदल्या वर्षी, त्या सकाळी, ते एक खाचर सोडून. इतक्याने तो माणूस घरी आला असता.

गढीच्या दारात भिवरा उभी राहिली. तिने गावाला सांगितले, "हाक मारा त्याला." सगळ्यांनी मिळून हाक मारली, "रायाजी, आमी आलो. चल घरी!"

आतून उत्तर आले नाही. वारा होता, तोही त्या वेळी पडला होता, असे सांगतात. खूप वेळ गेल्यावर भिवरा गावाकडे वळली.

"कोन राह्यलं?" तिने विचारले.

मग मागून गणोजीच्या बायकोचा आवाज आला. "आमचं ह्ये. पाखरं राखायला राह्यल्यात."

भिवरा रागावली नाही, म्हणे. तिने फक्त मान हलवली. "मग त्यो कसा येईल?" ती म्हणाली. "सगळे आले म्हंजे येईल. ज्या वर्षी येकबी विळा मागं ऱ्हानार न्हाई, त्या वर्षी आतनं वो देईल त्यो."

गाव खाली आले. जे वर गेले त्यांचे विळे चालू लागले. भट्टी पुन्हा पेटली, आणि सगुणा जगली तोवर घण तिनेच घातला की दुसऱ्या कोणी, हे गोष्टीत येत नाही.

आजही भात पिकले की आम्ही ती वाट चढतो. आजकाल विळे बाजारातून येतात, यंत्राने पाडलेल्या दात्यांचे, काही जण भात कापायचे मशीन भाड्याने आणतात आणि मशीनवाला विचारतो, "हे पण वर न्यायचं का?" त्याला हसून सांगतात, नको, तू इथेच थांब. पुण्याला राहणारे फोन करून शेजाऱ्याला सांगतात, आमचा विळा तेवढा घेऊन जा, आमच्या नावाने हाक मार. पलीकडच्या उतारावर खडीसाठी सुरुंग लागू लागले, तेव्हा ग्रामसभेला यायलाही लोकांना असेच एकेक खाचर होते. नाना म्हणतात, "अगं, मेलेला माणूस कुठं वो देतो? रीत म्हणून जायचं." नानांना हे म्हणवते, कारण ते हाक मारून झाली की लगेच डोळे मिटून हात जोडतात.

मी डोळे उघडे ठेवते. हाक डोंगरावर आदळून विरते, आणि मग भिवराच्या घराण्यातली वयाने सर्वांत मोठी बाई गावाकडे वळून तोच प्रश्न विचारते, "कोन राह्यलं?"

आजही, दरवर्षी, मागून कोणीतरी एक नाव सांगते.